डोक्यातला हिशेब चिठ्ठीवर येतो तेव्हा

आमच्या अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. बाजारपेठेच्या मागच्या बोळात, आठ बाय दहाच्या जागेत. एक मशीन, कापणीचं टेबल, कोळशाची इस्त्री आणि खुंटीला अडकवलेली मापाची वही. ती वही अब्बा क्वचितच उघडत. कुणाचा डावा खांदा उतरता आहे, कुणाला विजार घोट्याच्या वर लागते, कुणाचे कपडे कधी द्यायचे, कुणाची उधारी किती थकली आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं.

मी कॉलेजात होतो त्या वर्षी रमजान ईद आणि लग्नसराई एकाच महिन्यात आली. काम आवरेना म्हणून अब्बांनी दोन कारागीर ठेवले. एकाकडं शिलाई, दुसऱ्याकडं काज-बटण आणि इस्त्री. कापणी मात्र अब्बांचीच. पंधरा दिवसांत घोटाळा झाला. एकाच घरातली दोन कापडं आली होती. कारागिरानं नावं उलटी सांगितली आणि नवरदेवाच्या कोटाचं कापड त्याच्या मामाच्या मापानं कापलं गेलं. लग्न दोन दिवसांवर. अब्बांनी पदरचे पैसे घालून नवं कापड आणलं आणि रात्रभर बसून कोट पुरा केला.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात चिठ्ठी आली. नंबर, नाव, माप, द्यायची तारीख, आणि ती चिठ्ठी कापडाला टाचणीनं टोचलेली. चिठ्ठी नसलेलं कापड टेबलावर येणार नाही, असा नियम झाला. कारागीर कुरकुरले. अब्बाही कुरकुरले. ‘माझ्याच दुकानात मला लिहून द्यावं लागतंय,’ असं ते पुष्कळ दिवस म्हणत होते.

ही आठवण इतक्या वर्षांनी निघाली ती माझ्या पुतण्यामुळं. तो पुण्यात एका नव्या डिजिटल कंपनीत काम करतो. तो लागला तेव्हा तिथं आठ माणसं होती आणि सगळी एकाच टेबलाभोवती बसत. आता सत्तर झाली आहेत. परवा म्हणाला, ‘चाचा, पूर्वी काही अडलं तर शेजारच्याला विचारायचो. आता विचारायचं नसतं, तिकीट टाकायचं असतं.’ हे तिकीट म्हणजे एसटीचं नव्हे. आपली अडचण संगणकावरच्या ठरावीक चौकटीत लिहायची, तिला नंबर पडतो, आणि ती योग्य माणसाकडं रांगेनं जाते. मला हसू आलं. अब्बांची चिठ्ठीच ती, फक्त टाचणी गेली.

कविता लिहिणाऱ्या माणसानं उद्योगधंद्यावर बोलावं का, असं तुम्ही विचाराल. पण आता वाणसामानापासून औषधापर्यंत आपलं निम्मं जगणं या कंपन्यांच्या हातून जातं. त्या आतून कशा बदलतात हे समजून घेणं हा आपल्या सर्वांचाच विषय आहे.

व्यवसायाची प्रक्रिया हा शब्द जड वाटतो, अर्थ साधा आहे. कोणतं काम, कुणी, कोणत्या क्रमानं, कुणाला विचारून करायचं आणि त्याची नोंद कुठं ठेवायची, हे ठरलेलं असणं म्हणजे प्रक्रिया. ती लहान दुकानातही असते. फक्त ती माणसाच्या डोक्यात असते, कागदावर नसते.

आपल्या देशातलं सर्वांच्या परिचयाचं उदाहरण घेऊ. २००७ साली बंगळूरच्या कोरमंगला भागातल्या एका फ्लॅटमध्ये सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या दोन तरुणांनी फ्लिपकार्ट सुरू केली. दोघांचं आडनाव एक, नातं काही नाही. दोघंही दिल्लीच्या आयआयटीतून शिकलेले आणि आधी अॅमेझॉनमध्ये नोकरी केलेले. त्यांनी इंटरनेटवरून पुस्तकं विकायचं ठरवलं. पहिली मागणी आली ती तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, आता तेलंगणात असलेल्या महबूबनगरहून. पुस्तक होतं जॉन वुड यांचं ‘लीव्हिंग मायक्रोसॉफ्ट टू चेंज द वर्ल्ड’. ते सहज मिळेना. मग बंगळुरातली पुस्तकांची दुकानं पालथी घालून त्यांनी एक प्रत मिळवली आणि पाठवली. सुरुवातीच्या काळात हे दोघं पुस्तकांच्या दुकानाबाहेर उभं राहून लोकांना स्वतः खुणपट्ट्या वाटत, त्यांवर आपल्या संकेतस्थळाचं नाव छापलेलं असे.

इथं प्रक्रिया काय होती? मागणी येईल तसं धावायचं. कुणाला विचारायची गरज नाही, कारण विचारणारा आणि सांगणारा समोरासमोर बसलेले. या काळात नियम लिहीत बसणारी कंपनी बहुधा नियमच लिहीत राहते. गिऱ्हाईक नेमकं काय मागतं आहे हेच अजून कळलेलं नसतं, मग नियम लिहायचे तरी कशाचे?

पण माणसं वाढली की एक साधं गणित आडवं येतं. दोन माणसांत बोलण्याची एकच जोडी असते. पाच जणांत अशा दहा जोड्या होतात. दहा जणांत पंचेचाळीस, पन्नास जणांत बाराशे पंचवीस आणि शंभर जणांत चार हजार नऊशे पन्नास. माणसं दुप्पट झाली की जोड्या जवळजवळ चौपट होतात. पन्नास जणांच्या कंपनीत सगळ्यांनी सगळ्यांशी बोलायचं ठरवलं तर दिवस बोलण्यातच जाईल. हे गणित फ्रेडरिक ब्रुक्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात मांडलं. आयबीएम कंपनीच्या एका प्रचंड संगणकीय कामाची धुरा त्यानं वाहिली होती. त्याचा निष्कर्ष असा की, आधीच उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं घातली तर उशीर वाढतो. नव्या माणसाला शिकवायला जुन्याच माणसाचा वेळ जातो. ईदच्या तोंडावर कारागीर ठेवणाऱ्या आमच्या अब्बांना हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून वाढत्या कंपनीत पहिला बदल होतो तो असा : डोक्यातलं कागदावर येतं आणि एकाचं काम चौघांत वाटलं जातं. दुसरा बदल अधिक खोल असतो. धंदाच बदलतो आणि जुनी प्रक्रिया त्याला पुरी पडत नाही.

फ्लिपकार्टचं पाहा. आपल्याकडं बहुतेकांजवळ क्रेडिट कार्ड नव्हतं, आणि असलं तरी न पाहिलेल्या वस्तूचे पैसे आधी द्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून कंपनीनं २०१० साली वस्तू हातात पडल्यावर पैसे घ्यायची पद्धत आणली. गिऱ्हाइकाला ही सोय एका ओळीची वाटते. कंपनीच्या आत मात्र तिनं सगळं घर नव्यानं मांडायला लावलं. आता वस्तू नेणारा मुलगा पैसे घेऊन परतणार. ते कोण मोजणार, कधी बँकेत भरणार, रोजच्या वस्तूंशी त्यांचा मेळ कोण घालणार? गिऱ्हाइकानं दारातूनच वस्तू परत केली तर ती कोणत्या कप्प्यात जाणार? दुसऱ्याच्या कुरियरवर हे सगळं सोपवणं कठीण. याच सुमारास कंपनीनं स्वतःची पोचवणी-यंत्रणा उभी केली, तीच पुढं ईकार्ट या नावानं वाढली.

मग २०१३ साली आणखी एक वळण आलं. तोवर कंपनी स्वतःच्या व्यवस्थेतून माल विकत होती. तेव्हापासून तिनं इतर विक्रेत्यांना आपल्या संकेतस्थळावर बसवायला सुरुवात केली. परकीय भांडवल घेणाऱ्या कंपनीनं स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला विकण्यावर आपल्या सरकारची बंधनं होती, हे त्यामागचं एक मोठं कारण. दुकानदाराचा बाजार-चालक झाला म्हणा ना. दुकानदाराला माल पारखता यावा लागतो. बाजार चालवणाऱ्याला विक्रेता पारखता यावा लागतो, खोटा माल ओळखावा लागतो, दोघांच्या भांडणात न्याय करावा लागतो. ही वेगळीच कामं आहेत, आणि त्यांची माणसंही वेगळी.

वाढीचा वेग प्रक्रियेच्या पुढं गेला तर काय होतं, हे ६ ऑक्टोबर २०१४ ला देशानं पाहिलं. फ्लिपकार्टनं त्या दिवशी ‘बिग बिलियन डे’ नावाचा सवलतीचा मोठा सेल ठेवला. दहा तासांत सहाशे कोटी रुपयांच्या मालाची विक्री झाल्याचं कंपनीनं सांगितलं. पण त्याच दिवशी असंख्य लोकांपुढं पान उघडत नव्हतं, काही वस्तूंच्या किमती मधेच बदलत होत्या, वस्तू क्षणात संपत होत्या, आणि घेतलेल्या काही मागण्या नंतर रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही संस्थापकांनी ग्राहकांना पत्र पाठवून माफी मागितली. सुमारे पाच हजार सर्व्हर लावले होते, वीसपट गर्दीची तयारी केली होती, तरी ती कमी पडली, असं त्या पत्रात होतं.

या प्रसंगात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. यंत्रं पाच हजार होती. पण किंमत ठरवणारे, साठा मोजणारे, मागणी घेणारे आणि माल पाठवणारे यांची गाठ त्या गर्दीत सुटली. अब्बांच्या दुकानातही कापड, कात्री, कारागीर सगळं होतं. चिठ्ठी नव्हती. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, तो सेल एका दिवसाऐवजी पाच दिवसांचा झाला. गर्दी विभागणं हीसुद्धा एक प्रक्रियाच. २०१८ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टनं सोळा अब्ज डॉलर देऊन या कंपनीचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला. एका फ्लॅटमधून निघालेली गोष्ट अकरा वर्षांत तिथवर गेली.

आता कुणी म्हणेल, सगळं लिहून काढलं की झालं. तसं नाही. त्यासाठी गिटलॅब या कंपनीची हकिगत ऐका. जगभरचे संगणक-प्रणाली लिहिणारे लोक आपलं काम या कंपनीच्या यंत्रणेत साठवून ठेवतात. कंपनीची माणसं अनेक देशांत आपापल्या घरून काम करतात. शेजारच्याला विचारायची सोयच नाही, म्हणून त्यांनी आपल्या कामाची नियमपुस्तिका लिहिली आणि ती इंटरनेटवर सर्वांना वाचायला खुली ठेवली. लिहून ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचा एक अभियंता दमलेल्या अवस्थेत बिघाड दुरुस्त करत होता. एका यंत्रावरची माहिती पुसायची होती, त्यानं चुकून दुसऱ्या, चालू यंत्रावर पुसण्याची आज्ञा दिली. लक्षात येऊन त्यानं ती थांबवली, तोवर बहुतेक सगळं गेलं होतं. घाबरायचं कारण नव्हतं, कारण माहितीच्या प्रती ठेवायच्या एकदोन नव्हे, पाच पद्धती होत्या. शोधायला गेले तर एकही नीट चालत नव्हती. रोजची प्रत घेणारी आज्ञा जुन्या-नव्या आवृत्त्यांच्या गोंधळामुळं कधीपासून अपयशी होत होती. अपयश कळवणारी ई-पत्रंही यंत्रणाच नाकारत होती, त्यामुळं ती कुणापर्यंत पोचलीच नव्हती. वाचवलं ते त्याच अभियंत्यानं सहा तासांपूर्वी, वेगळ्याच कामासाठी, हातानं काढून ठेवलेल्या एका प्रतीनं. मधल्या सहा तासांतली काही माहिती कायमची गेली.

त्यानंतर कंपनीनं जे केलं ते शिकण्यासारखं आहे. दुरुस्तीचं काम लोकांना थेट पाहू दिलं. नंतर काय घडलं, का घडलं, याचा सविस्तर अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध केला, आणि त्या माणसाला बळीचा बकरा केलं नाही. प्रश्न असा विचारला की, एका थकलेल्या माणसाच्या एका चुकीनं एवढं नुकसान होऊ शकलं, ती आमची व्यवस्था कशी होती? लिहिलेली प्रक्रिया आणि चालणारी प्रक्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गझल लिहिताना मात्रा मोजाव्याच लागतात, पण मात्रा जुळल्या म्हणजे शेर झाला असं नाही. तो म्हणून पाहावा लागतो.

मग चूक दिसते कुणाला? बहुधा प्रत्यक्ष हात घालणाऱ्याला. अॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस स्वतःवरचाच एक किस्सा सांगत आले आहेत. १९९५ साली कंपनीची विक्री सुरू झाली तेव्हा पुस्तकांची पाकिटं जमिनीवर गुडघे टेकून बांधत. गुडघे दुखायला लागले. बेझोस म्हणाले, आपण गुडघ्यांना बांधायच्या गाद्या आणू. शेजारचा सहकारी त्यांच्याकडं पाहतच राहिला आणि म्हणाला, आपल्याला टेबलं हवी आहेत. दुसऱ्या दिवशी टेबलं आली, आणि काम कितीतरी वेगानं होऊ लागलं. मालक आणि मजूर एकाच जमिनीवर बसले होते म्हणून ही सूचना एका वाक्यात पोचली. मालक विसाव्या मजल्यावर गेल्यावर ती कशी पोचणार?

यावर जपानच्या टोयोटा कारखान्यात जुना उपाय आहे. मोटारी जुळवण्याच्या पट्ट्याशेजारून एक दोरी जात असे. कामगाराला काही चुकीचं दिसलं तर तो दोरी ओढत असे. वरचा माणूस धावत येई, आणि अडचण सुटली नाही तर पट्टा थांबे. पुढं अॅमेझॉननंही ही कल्पना आपल्या ग्राहकसेवेत आणली. एखाद्या वस्तूबद्दल एकसारख्या तक्रारी आल्या तर फोन घेणारा कर्मचारी त्या वस्तूची विक्री थांबवू शकतो. वाढत्या कंपनीत नियम हवेतच, पण नियमाबरोबर अशी एक दोरीही हवी.

आणि इथंच माझी खरी काळजी आहे. डिजिटल कंपन्यांतला तिसरा बदल असा की, कागदावरची प्रक्रिया यंत्रात जाते. चिठ्ठीशी हुज्जत घालता येते, निदान कोपऱ्यात काही खरडता येतं. ॲपशी काय बोलणार?

मागच्या पावसाळ्यात संध्याकाळी फोन आला. ‘साहेब, मी कबरस्तानापाशी उभा आहे. नकाशा तुमचं घर आत दाखवतोय.’ मी म्हटलं, ‘अजून थोडा वेळ आहे, बेटा. तू डावीकडच्या बोळात ये.’ तो हसला. दारात आला तेव्हा चिंब भिजलेला होता. त्यानं सांगितलं, आधी आलेल्या मुलालाही घर सापडलं नव्हतं. वस्तू न पोचल्याचं कारण ॲपमध्ये निवडावं लागतं. कारणं ठरलेली : ग्राहक घरी नाही, ग्राहकानं नाकारलं, पत्ता चुकीचा. ‘नकाशा चुकीचा’ असं कारण त्यात नाही. त्या मुलानं ‘पत्ता चुकीचा’ निवडलं, म्हणजे चूक माझ्या नावावर. आणि यानं माझं घर शोधलं, तर उशीर याच्या नावावर. पाऊस पडत होता म्हणायलाही बटण नाही. पूर्वी आमच्या गल्लीत एकच मुलगा यायचा, त्याला प्रत्येक दार पाठ होतं. आता यंत्र रोज नवा रस्ता आखतं आणि रोज नवा मुलगा पाठवतं. त्याचं ज्ञान कुठल्याच चौकटीत उतरलं नाही, तो गेला आणि तेही गेलं.

अशी माणसं थोडी नाहीत. २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख लोक अशा कामावर होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील, असा नीती आयोगाचा २०२२ चा अंदाज आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांची पहिल्यांदा कायद्यात नोंद झाली. राजस्थाननं २०२३ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. फ्लिपकार्ट जिथं जन्मली त्या कर्नाटकानं २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात, यंत्रणा कामगाराबद्दल निर्णय कसा घेते हे त्याला कळावं आणि त्याला कामावरून काढताना कारण द्यावं, अशा तरतुदी आहेत. म्हणजे दोरीचं एक टोक निदान कायद्याच्या पुस्तकात तरी आलं आहे. ते त्या भिजलेल्या मुलाच्या हातात कधी येतं हे पाहायचं.

पुतण्याला मी अब्बांच्या चिठ्ठीबद्दल एक गोष्ट सांगायची विसरलो होतो, ती परवा फोन करून सांगितली. चिठ्ठी सुरू झाल्यावर महिन्याभरानं शिलाईचा कारागीर म्हणाला होता, ‘मास्तर, माप बरोबर लिहिलंय, पण बाही आखूड वाटते. हे मी कुठं लिहू?’ त्या दिवसापासून अब्बा प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी दोन बोटं जागा कोरी सोडू लागले. कारागिराला काही खटकलं तर तो तिथं लिही, आणि ते वाचल्याशिवाय अब्बा कपड्यावर इस्त्री फिरवू देत नसत.

पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘चाचा, आमच्या तिकिटात अशी जागा नाही.’ मी म्हटलं, ‘मग तेवढं एक तिकीट टाक.’

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)